दावण अकरा, म्हैस एक

दुष्काळ बघायलाही माणसं सहलीसारखी जातात, हे आमच्या संस्थेत नोकरीला लागेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. संस्था पुण्यातली, मुक्या प्राण्यांवर दया करणारी. बोलक्या प्राण्यांचं तिला फारसं सोयरसुतक नाही, हे तिथे तेरा वर्षं टंकलेखन केलेली मी सांगते आहे. नव्वदीतल्या एका कोरड्या वर्षी संस्थेने इंदापूर तालुक्यातल्या शेळगावजवळच्या एका गुरांच्या छावणीला पेंडीची पोती पाठवली, आणि पाठोपाठ मला पाठवलं. पोती ट्रकने गेली, मी एसटीने. पोत्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला असावा.

ज्यांनी छावणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पाऊस दगा देतो, कडबा संपतो, विहिरी तळ दाखवतात. मग जनावर बाजारात मातीमोल विकण्यापेक्षा लोक ते छावणीत आणून बांधतात. सरकार आणि एखादी संस्था मिळून चारापाणी बघते. पाऊस झाला की जो तो आपापल्या गावी. थोडक्यात निर्वासितच. फरक एवढाच, की निर्वासित म्हणून नोंद होते ती जनावराची. दोरीच्या दुसऱ्या टोकाला जो असतो त्याची नाही.

आमचे अध्यक्ष भाऊसाहेब मला म्हणाले, "बाई, तीन दिवस राहा. व्यवस्था कशी चालते ते बारकाईने बघा. चौथ्या दिवशी तपासणीला मामलेदार येणार आहेत, तेव्हा मीही येतोच." उंटावरून शेळ्या हाकणं हा संस्थेचा मूळ धर्म, आणि त्या धर्माचे भाऊसाहेब पीठाधीश. त्यांनी मला एक छापील तक्ता दिला. निवारा, चारा, पाणी, औषधोपचार, स्वच्छता अशी त्यात घरं होती. माणूस हा शब्द अख्ख्या तक्त्यात एकदाच आला होता, अगदी तळाला: 'तपासणी करणाऱ्या माणसाची सही'.

मोरगाव

मोरगावला गाडी चहासाठी थांबली. गणपतीला बाहेरूनच हात जोडले आणि वळले, तर समोरच्या मोकळ्या माळावर पाटी दिसली. 'गुरांची छावणी, मंजूर'. पाटी नवीकोरी होती. माळावर गवताची काडी नव्हती, खुंट नव्हता, जनावर नव्हतं. पाटीच्या सावलीत तीन शेळ्या मात्र दाटीवाटीने बसल्या होत्या.

मी चहावाल्याला विचारलं, "छावणी कुठं आहे?"

"हीच की," तो म्हणाला. "मंजूर झाली न्हवं."

"मग जनावरं?"

"ती गेली शेळगावला. चालत. मंजुरी तेवढी हितं हाय."

एवढ्या नेमक्या शब्दांत आमच्या संस्थेत आजवर कुणाला अहवाल लिहिता आलेला नाही. मी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. चहा गुळाचा होता आणि फार चांगला होता.

बारामतीवरून पुढे

मोरगावकडचा तो करपलेला मुलूख संपतो आणि बारामती जवळ आली की कालव्याच्या कडेने एकदम ऊस सुरू होतो. इतका हिरवा की डोळ्यांना टोचतो. एकाच तालुक्यात एकीकडे पाणी खळाळतं आणि दुसरीकडे बाई हंडाभर पाण्यासाठी तास घालवते. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी मला पंधरा मिनिटं कालव्याचा इतिहास ऐकवला. 'दूरदृष्टी' हा शब्द त्यांनी इतक्यांदा वापरला की मी खिडकीबाहेर बघू लागले. बारामतीच्या स्टँडवर कांदाभजी खाल्ली. भज्यांबद्दल माझी तक्रार नाही.

शेळगावच्या फाट्यावर उतरले आणि टपावरची बॅग मागणार, तोच कंडक्टरने डबल बेल दिली. माझी बॅग मला न विचारता इंदापूरला निघून गेली. फाट्यावरचे एक म्हातारबाबा म्हणाले, "घाबरू नगा. मिळंल. हिकडची एसटी वस्तू खात न्हाय, वेळ खाती." बॅग खरोखरच मिळाली, सहा दिवसांनी. आत काळं पडलेलं केळंसुद्धा जागेवर होतं. पुण्यात हरवली असती तर बॅग मिळाली नसती, पण 'सामानाची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी' अशी पाटी नक्की वाचायला मिळाली असती.

अशा रीतीने मी अंगावरच्या साडीनिशी, पर्स आणि तक्ता घेऊन छावणीच्या दारात उभी राहिले.

छावणी

व्यवस्था चोख होती. हे मला जीभ चावून लिहावं लागतं आहे. उसाच्या पाचटाने शाकारलेले लांबच लांब मांडव, त्यांखाली ओळीने दावणी, प्रत्येक दावणीला चुन्याने घातलेला आकडा. प्रत्येक जनावराच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला. सकाळी सातला हजेरी, आठला उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाढं, दुपारी पाणी, चारला पेंड. पाण्याचा टँकर वेळेवर. लाळ-खुरकुताची लस टोचलेली. जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून एक दिवसाआड येत. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पाणी इतकं नियमित येत नाही, आणि डॉक्टर तर पाय मोडला तरी येत नाही.

दूध गोळा करणारी गाडी मात्र सगळ्यांहून वक्तशीर. सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून घ्यावं अशी. दुष्काळात तेरावा महिना येतो म्हणतात, पण त्याही महिन्यात दुधाची गाडी चुकणार नाही, याची मला खात्री पटली.

मॅनेजर बारामतीचा, इस्त्रीच्या शर्टातला. मी सगळा तक्ता भरला आणि सहज विचारलं, "आणि माणसांची सोय?"

"माणसांची?" तो जरा दचकला. "बाई, ही गुरांची छावणी आहे."

"पण इतकी माणसं आहेत इथं."

"ती जनावरांबरोबर आलीत. आम्ही बोलावली नाहीत."

"प्रत्येक दावणीमागे घरचं एक माणूस पाहिजेच, असा नियम तुमचाच ना? दारावर लिहिलाय."

"तो हजेरीसाठी आहे," मॅनेजर म्हणाला, आणि पेंडीची पोती मोजायला गेला.

नियम असा होता. सकाळी हजेरीला मालक नाहीतर घरचं माणूस दोरी धरून दावणीपाशी उभं राहायचं. माणूस नसेल तर जनावर गैरहजर. गैरहजर जनावराचं नाव कटतं आणि दावण दुसऱ्याला जाते. दाराबाहेर जनावरं घेऊन थांबलेल्यांची रांग होतीच. म्हणजे माणसाशिवाय जनावराला प्रवेश नाही, आणि आत आल्यावर माणूस कुठेच नाही. त्याने झोपायचं दोन जनावरांच्या मधल्या जागेत. चूल मांडायची कुंपणाबाहेर, कारण पाचटाला आग लागेल. प्यायचं त्याच हौदातलं, ज्यावर तेलरंगात लिहिलं होतं, 'फक्त जनावरांसाठी'. वाचता येणाऱ्या बायका ते वाचत आणि घागर बुडवत.

शेळ्यांनाही मज्जाव. छावणी फक्त मोठ्या जनावरांची. शेळ्या आणि माणसं या दोन जाती सरकारला मान्य नव्हत्या, आणि दोन्ही कुंपणाच्या कडेला एकाच बाभळीखाली बसत.

अकरावी दावण

त्याच बाभळीखाली मला रखमाबाई भेटल्या. मोरगावच्या अलीकडच्या एका वाडीतल्या. वाडवडिलांची मेंढरं होती, ती गेली, मग कोरडवाहू शेती आली. आता चंद्री नावाची एक म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, आणि बिनपरवान्याच्या दोन शेळ्या. नवरा भागुजी, साठीच्या पुढचा, काटकुळा. म्हैस घेऊन दोघं तीन दिवस चालत आले होते. भागुजींना खोकला होता. तो धुळीचा आहे असं ते सांगत, आणि धूळ इतकी होती की कुणालाही पटावं.

"बसा की बाई," रखमाबाई म्हणाल्या. "भाकरी खाता का आमची?"

ज्वारीची गरम भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेळीच्या दुधाचा चहा. चंद्रीचं दूध दोन्ही वेळेला गाडीत जाई, म्हणून चहाला शेळी. शेळीच्या दुधाचा चहा मी पहिल्यांदा प्याले. वास येतो. तरी तिसऱ्या दिवशी मी तो मागून घेत होते. मॅनेजरने माझं जेवण गावात एका बंगल्यावर सांगितलं होतं, तिथे मी एकदाच गेले. तिथल्या श्रीखंडावर दुष्काळाचा काहीही परिणाम झालेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हौदाजवळ स्वच्छतेचं घर भरत असताना मी पाय घसरून शेणाच्या राड्यात पडले. पूर्ण. चष्म्यासकट. सगळी छावणी हसली, आणि हसायला हवंच होतं. तक्त्याची दोन पानं उडून चंद्रीसमोर पडली, ती तिने शांतपणे खाल्ली. पुढे कार्यालयात उरलेल्या पानांचं जे झालं ते बघता, वाचकांपैकी सर्वांत मन लावून तो अहवाल चंद्रीनेच पचवला असं म्हणायला हरकत नाही.

दुसरी साडी इंदापूरला. रखमाबाईंनी आपलं धुवट लुगडं काढलं. मला नऊवारी नेसता येत नाही, हे ऐकून त्या मोठ्याने म्हणाल्या, "मग पुण्यात शिकिवत्यात तरी काय?" आणि शेजारच्या दोन बायकांच्या आडोशाला मला लहान मुलीसारखं नेसवलं. डोक्यावर पदर. चष्मा वाकला होता, तो पर्समध्ये गेला.

हजेरीचं पुस्तक मुनीरभाईंकडे असे. शेळगावात त्यांचं सायकलींचं दुकान, छावणीपुरते ते इथे कारकून. मला लुगड्यात बघून ते म्हणाले, "बाई, आता बिल्ला तेवढा ऱ्हायला."

औषधोपचार

तिसऱ्या दिवशी भागुजी उठलेच नाहीत. अंग चुलीसारखं तापलेलं, श्वास घेताना बरगड्या दिसत होत्या. दुपारी जनावरांचे डॉक्टर आले, तेव्हा रखमाबाई त्यांना बळेच बाभळीखाली घेऊन आल्या. डॉक्टर तरुण होता आणि भला होता. त्याने भागुजींकडे बराच वेळ बघितलं, छातीला कान लावला.

"मला माणसाला औषध देता येत नाही, आजी," तो म्हणाला. "पण म्हशीला असं असतं तर मी म्हटलं असतं, छातीत न्यूमोनिया आहे, आजच्या आज हलवा."

"मग हलवा की!" मी मॅनेजरवर ओरडले. आयुष्यात कार्यालयाबाहेर मी इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते.

"छावणीच्या गाडीत आजारी जनावरच नेता येतं," मॅनेजर म्हणाला. तो दुष्ट नव्हता, त्याला खरंच असं वाटत होतं. "आणि बाई, उद्या तपासणी आहे. माणूस दिसलं नाही तर दावण जाणार. मामलेदारांसमोर माझा इलाज नाही."

दुधाची गाडी पाचला यायची. तिचा ड्रायव्हर इंदापूरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत न्यायला तयार होता. पण रखमाबाई गेल्या तर सकाळी दोरी कोण धरणार? आजूबाजूच्या बायकांच्या हातात आपापल्या दोऱ्या होत्या. आणि भागुजी डोळे मिटून एकच म्हणत होते, "मी न्हाय जात. तपासणी हुंद्या. म्हस गेल्यावर दवाखान्यातनं कुठं यायचं?"

मला राग आला, तो कुणावर ते सांगता येत नाही. भागुजींवर आला, मॅनेजरवर आला, आमच्या पेंडीच्या पोत्यांवर आला. पण त्या दोघांकडे म्हशीपलीकडे काही नव्हतं, आणि ती गेली तर पाऊस आला काय न आला काय, परत जायला काही उरत नव्हतं. हे मला कळत होतं, म्हणून राग जास्त येत होता.

गाडी आली. चौघांनी भागुजींना उचलून दुधाच्या कॅनांच्या मधे ठेवलं. त्यांच्यात विरोध करायचं बळ उरलं नव्हतं. रखमाबाई दावणीची गाठ सोडून चंद्रीला घेऊन माझ्याकडे आल्या. विनंती नाही, डोळ्यांत पाणी नाही. दोरी माझ्या हातात दिली.

"धरा," म्हणाल्या, आणि गाडीत चढल्या.

तपासणी

दूध शेजारच्या बाईने काढून दिलं. उरलेलं मी केलं. चंद्रीला दावणीला बांधलं, गाठ दोनदा मारली, आणि लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन सातच्या आधी उभी राहिले. मॅनेजर एकदा जवळून गेला. माझ्याकडे बघितलं की नाही सांगता येणार नाही, पण परत त्या ओळीत आला नाही.

दोन गाड्या आल्या. मामलेदार, आमचे भाऊसाहेब आणि त्यांचा फोटोग्राफर. भाऊसाहेबांच्या धोतराला शेणाचा ठिपका लागू नये म्हणून दोन माणसं पुढे पोती टाकत होती. पेंडीचीच पोती, आमच्या संस्थेच्या नावाची. सातव्या दावणीपाशी ते मामलेदारांना म्हणाले ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"आमच्या एक बाई पाठवल्यात इथं. कुठं दिसत नाहीत. गावात आराम करत असतील. कामाचं नुसतं नाव."

तेरा वर्षं मी या माणसाच्या भाषणांतली शुद्धलेखनाची चूक ना चूक दुरुस्त केली आहे. एक वाक्य बोलले असते तर तोंड उतरलं असतं त्याचं. पण मग चंद्रीही गेली असती. मी तोंड मिटलं. एवढं अवघड काम मी त्या संस्थेत याआधी कधी केलेलं नाही.

मुनीरभाई पुस्तक घेऊन पुढे झाले. "दावण अकरा. म्हैस एक. बिल्ला हाय."

"घरचं माणूस?" मामलेदारांनी विचारलं.

मुनीरभाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. पेन कानावरून काढलं.

"हाय की साहेब, समोरच हाय," ते म्हणाले. "घरचं माणूस हजर."

भाऊसाहेब वाकले. लहान मुलांशी आणि गरिबांशी ते एकाच आवाजात बोलतात. "काय मावशी, पेंड मिळते ना?"

"व्हय जी. म्हशीला मिळती," मी म्हणाले. "आमाला न्हाय."

भाऊसाहेब खळखळून हसले. "मोठी विनोदी असतात हो ही माणसं," ते मामलेदारांना म्हणाले. फोटोग्राफरने फोटो काढला. मग धरणाचं पाणी ओसरल्यामुळे पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलंय, ते बघून घेऊ आणि तिकडेच ताजे मासे खाऊ, असं ठरलं आणि गाड्या गेल्या.

मी दोरी धरून उभीच होते. मुनीरभाई आले, पुस्तक बगलेत मारलं. "बाई, आता सोडा," म्हणाले. "हजेरी झाली."

परत

तीन दिवस जास्त राहावं लागलं, कारण हजेरी रोजची होती. तिसऱ्या संध्याकाळी त्याच दुधाच्या गाडीतून दोघं परत आले. भागुजी हाडांचा सापळा झाले होते, पण चालत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आधी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मग दोरीकडे बघितलं.

"ही गाठ कुणी मारली?"

"मी," मी म्हणाले.

"म्हस गरीब म्हणून ऱ्हायली," भागुजी म्हणाले आणि गाठ सोडून नव्याने मारली. रखमाबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. मग मलाही रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

पुण्याला येऊन अहवाल लिहिला. तक्त्याच्या तळाला एक घर हाताने आखलं, 'माणसांची सोय', आणि त्यात 'नाही' एवढं लिहिलं. भाऊसाहेबांनी ते घर लाल शाईने खोडलं. समासात लिहिलं, 'विषयाला सोडून'.

वर्षाअखेरीस संस्थेची पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर चंद्री होती, कपाळावरच्या ठिपक्यासकट, शिंगांसकट, फार सुंदर. खाली लिहिलं होतं, 'समाधानी लाभार्थी'. चौकटीत बसावा म्हणून फोटो कापला होता, त्यामुळे शेजारच्या बाईचं डोकं आणि धड गेलं होतं. राहिला होता फक्त दोरी धरलेला एक हात. कार्यालयात तो कुणीच ओळखला नाही. मी ओळखला. दोरीला गाठ चुकीची होती.